क्वांटमची पट्टी वाचता यायला हवी

रात्री दोनच्या सुमारास छातीत दुखते म्हणून पन्नाशीचा माणूस सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात येतो. बरोबरचे नातेवाईक घाबरलेले असतात. परिचारिका त्याच्या हातापायांना चिमटे आणि छातीवर रबरी फुगे लावते. यंत्रातून बारीक चौकटींची गुलाबी कागदी पट्टी सरसर बाहेर येते. ड्यूटीवरचा डॉक्टर ती उजेडात धरतो आणि अर्ध्या मिनिटात ठरवतो, की या माणसाला हृदयरोग कक्षात हलवायचे की थोडा वेळ नजरेखाली ठेवायचे.

त्या डॉक्टरने रुग्णाचे हृदय पाहिलेले नसते. हृदयातून वाहणारी वीज तर कोणालाच दिसत नाही. त्याने पाहिलेली असते ती फक्त एक रेघ. ही रेघ वैद्यकाला मिळवून दिली ती नेदरलँड्समधील लायडनच्या विलेम आइन्थोव्हेन यांनी, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. त्यांच्या यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते, ते चालवायला पाच माणसे लागत आणि रुग्णाला दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. रेघेवरच्या चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावेही त्यांचीच. १९२४ साली त्यांना नोबेल मिळाले. तेव्हापासून एमबीबीएसचे विद्यार्थी पेशीतल्या आयनांची समीकरणे न सोडवता ती रेघ वाचायला शिकतात. डॉक्टर रेघ वाचतो, म्हणून माणूस वाचतो.

क्वांटम संगणकाबद्दल बोलताना ही जुनी गोष्ट आठवावी, असे आज बरेच काही घडते आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष क्वांटम विज्ञान व तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले होते. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंत चालणाऱ्या या मोहिमेसाठी ६००३.६५ कोटी रुपये ठेवले आहेत. म्हणजे पैसा जनतेचा आहे. पण त्या जनतेतल्या एखाद्या पदवीधराला विचारले, की क्वांटम संगणकात नेमके होते काय, तर दोनच उत्तरे येतात. पहिले, ‘तो एकाच वेळी शून्यही असतो आणि एकही.’ दुसरे, ‘तो सगळी उत्तरे एकदम तपासून बरोबर ते सांगतो.’ पहिले उत्तर अर्धवट आहे आणि दुसरे चूक.

ही चूक दुरुस्त करण्याचा एक मार्ग समीकरणांतून जातो. तो लांबचा आहे आणि सगळ्यांना जमणारा नाही. दुसरा मार्ग चित्रांचा. क्वांटम मंडले, म्हणजे सर्किटे, समजून घेण्यासाठी गेल्या काही दशकांत चांगली चित्रसाधने तयार झाली आहेत आणि त्यांतली बरीचशी फुकट आहेत. ही साधने आपल्या शाळा-महाविद्यालयांत आली पाहिजेत. मात्र ती ईसीजीसारखी शिकवली पाहिजेत, म्हणजे प्रत्येक चित्र काय दाखवते याबरोबरच ते काय दाखवत नाही हेही सांगून.

सर्वांत मूळ चित्र मंडलाचे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांनी १९८९ मध्ये क्वांटम गणन अशा जाळ्याच्या रूपात मांडले आणि पुढे ते रूढ झाले. कागदावर काही आडव्या रेघा असतात. एक रेघ म्हणजे एक क्यूबिट. रेघेवर छोट्या चौकटी बसवलेल्या असतात. त्यांना ‘गेट’ म्हणतात. काही ठिकाणी वरच्या रेघेवरचा ठळक ठिपका खालच्या रेघेवरच्या वर्तुळाला उभ्या रेषेने जोडलेला असतो. शेवटी मोजमापाची खूण असते, जुन्या व्होल्टमीटरच्या काट्यासारखी.

नवखा माणूस इथेच पहिल्यांदा फसतो. त्याला त्या रेघा तारा वाटतात आणि क्यूबिट डावीकडून उजवीकडे धावतो आहे असे वाटते. प्रत्यक्षात अनेक यंत्रांत क्यूबिट जागचा हलतही नाही. डावीकडून उजवीकडे जातो तो काळ. आधी ही क्रिया, मग ती क्रिया, एवढेच ती रेघ सांगते. ईसीजीच्या पट्टीवरही तेच असते. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, हृदय मात्र तिथेच असते. पलुस्कर-भातखंडे यांच्या स्वरलिपीतही स्वर आडव्या ओळीत मांडलेले असतात आणि ओळीची दिशा म्हणजे मात्रांचा क्रम, हे गाणाऱ्याला सांगावे लागत नाही. क्वांटमचे मंडल म्हणजे अशीच एक लिपी आहे. वाचण्याची सवय झाली की ती भीतीदायक राहत नाही.

या लिपीतला सर्वांत छोटा आणि सर्वांत बोलका धडा एकाच रेघेवर देता येतो. फ्रेंच गणिती हादामार यांच्या नावाची ‘एच’ ही चौकट घ्या. क्यूबिट शून्य अवस्थेत असताना ती एकदा लावली आणि मोजले, तर निम्म्या वेळा शून्य येते, निम्म्या वेळा एक. नाणे उडवल्यासारखेच. आता त्याच रेघेवर ‘एच’ची चौकट लागोपाठ दोनदा ठेवा आणि शेवटी मोजा. नाणे दोनदा उडवले तरी छापा की काटा हे अनिश्चितच राहते. इथे मात्र उत्तर दर वेळी शून्य येते. शंभरातून शंभर वेळा.

असे का होते, ते जमाखर्चाच्या वहीसारखे समजून घेता येते. क्यूबिटच्या प्रत्येक शक्यतेमागे एक संख्या असते, तिला ॲम्प्लिट्यूड म्हणतात. शक्यता कधीच ऋण नसते, पण ही संख्या ऋण असू शकते. दुसऱ्या ‘एच’नंतर ‘एक’ या उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. एकीवर जमा, दुसरीवर तेवढाच खर्च, बाकी शून्य. ‘शून्य’ या उत्तराकडे जाणाऱ्या दोन्ही वाटांवर जमाच असते. म्हणून तेच उत्तर उरते. क्वांटम संगणकाचे सारे कौशल्य या वजाबाकीत आहे. चुकीच्या उत्तरांकडे जाणाऱ्या वाटा एकमेकींना खोडतील आणि बरोबर उत्तराकडच्या वाटा एकमेकींना बळ देतील, अशी चौकटींची रचना करावी लागते. ‘सगळी उत्तरे एकदम तपासतो’ या वाक्यात ही वजाबाकी कुठेच नाही. तीन रेघांवर तीन ‘एच’ ठेवून नुसते मोजले, तर आठ शक्यतांपैकी कोणतीही एक हाती येते. त्यासाठी क्वांटम यंत्राची गरज नाही, चिठ्ठ्या टाकल्या तरी चालेल.

हा प्रयोग करायला प्रयोगशाळा लागत नाही. गुगलमधील संशोधक क्रेग गिडनी यांनी तयार केलेले ‘क्वर्क’ हे साधन साध्या ब्राउझरमध्ये चालते. चौकट माउसने उचलायची, रेघेवर सोडायची आणि परिणाम तिथल्या तिथे बघायचा. आयबीएमने मे २०१६ मध्ये आपला पाच क्यूबिटचा खरा क्वांटम संगणक इंटरनेटवरून लोकांसाठी खुला केला, तोही अशाच उचला-ठेवा पद्धतीच्या पटलासह. आपला संगणक कसा चालतो ते दाखवणाऱ्या चित्रावर कुणालाही हात फिरवू देणे, ही त्या क्षेत्रात नवी गोष्ट होती.

दुसरे चित्र गोलाचे. पृथ्वीचा गोल डोळ्यांसमोर आणा. उत्तर ध्रुव म्हणजे शून्य, दक्षिण ध्रुव म्हणजे एक. गोलाच्या केंद्रातून पृष्ठभागाकडे जाणारा एक बाण म्हणजे क्यूबिटची अवस्था. ‘एच’ने ध्रुवावरचा बाण विषुववृत्तावर येतो. या गोलाला ‘ब्लॉख गोल’ म्हणतात. हे नाव दवाखान्यांशी जोडलेले आहे. फेलिक्स ब्लॉख यांना अणुगर्भीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या कामासाठी १९५२ मध्ये एडवर्ड पर्सेल यांच्यासह नोबेल मिळाले. त्याच शोधातून पुढे एमआरआय उभा राहिला. एमआरआयच्या बोगद्यात झोपलेल्या रुग्णाच्या शरीरातील हायड्रोजनच्या गाभ्यांचा एकत्रित चुंबकीय बाण रेडिओ लहरींनी ९० अंशांत कलंडवला जातो आणि तो पुन्हा मूळ जागी कसा येतो ते टिपले जाते. एमआरआयच्या अहवालात ‘टी-१’ आणि ‘टी-२’ अशी अक्षरे अनेकांनी वाचली असतील. क्यूबिट किती काळ टिकतो हे सांगण्यासाठी क्वांटम अभियंते वापरतात तीही ‘टी-१’ आणि ‘टी-२’च. गोष्ट तीच आहे, ढळलेला बाण किती वेळात पूर्वस्थितीला येतो आणि त्याची लय किती वेळात बिघडते. क्वांटम म्हणजे दूरच्या कुठल्या प्रयोगशाळेतली गूढ बाब असे समजणाऱ्यांनी तालुक्याच्या गावाहून एमआरआयसाठी शहरात आलेल्या रुग्णांची रांग पाहावी. तिथे हा बाण रोज फिरतो आहे.

पण गोलाच्या चित्राला एक मोठी मर्यादा आहे आणि ती फार लवकर येते. दुसऱ्याच क्यूबिटला. वरच्या रेघेवर ‘एच’ ठेवा, मग तिथल्या ठिपक्याने खालच्या रेघेवरचे वर्तुळ जोडा. आता मोजले तर दोन्ही क्यूबिट एकतर शून्य-शून्य येतात नाहीतर एक-एक. एक शून्य आणि दुसरा एक, असे कधीच येत नाही. हीच ती प्रसिद्ध क्वांटम गुंतवणूक, एन्टँगलमेंट. या वेळी दोघांचे ब्लॉख गोल पाहिले तर काय दिसते? दोन्ही गोलांतले बाण आखडून केंद्रात येतात, त्यांची लांबी शून्य होते. जणू काही माहितीच नाही. प्रत्यक्षात माहिती पूर्ण असते, पण ती या एकात किंवा त्या एकात नसते, दोघांच्या मिळून असते. फुगडी घालणाऱ्या दोघींपैकी एकीचाच फोटो काढला तर फुगडी दिसणार नाही, ती नुसती मागे झुकलेली बाई दिसेल. गोलाच्या चित्राचे तसेच होते. विद्यार्थ्याला हे आधी सांगितले नाही तर तो बाण नाहीसा झालेला पाहून गोंधळतो. सांगितले तर त्या रिकाम्या गोलातूनच त्याला गुंतवणूक म्हणजे काय ते कळते. चित्र अपुरे पडते तेव्हा ते का अपुरे पडले हे विचारणे, हाही धडाच.

तिसरे चित्र स्तंभालेखाचे. शाळेत सगळ्यांनी काढलेले. प्रत्येक शक्य उत्तरासाठी एक स्तंभ, ज्याची शक्यता जास्त तो उंच. भारतात जन्मलेले आणि आयआयटी दिल्लीत शिकलेले लव्ह ग्रोव्हर यांनी अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये असताना १९९६ मध्ये शोधाची एक क्वांटम रीत मांडली. ती स्तंभांवर छान दिसते. समजा आठ पेट्या आहेत आणि एकीतच किल्ली आहे. तीन क्यूबिट घेतले की आठ स्तंभ मिळतात, सुरुवातीला सगळे सारखे, प्रत्येकी साडेबारा टक्के. ग्रोव्हर यांच्या रीतीची एक फेरी चालवली की किल्लीच्या पेटीचा स्तंभ ७८ टक्क्यांवर जातो. दुसऱ्या फेरीनंतर साडेचौऱ्याण्णव टक्क्यांवर. मग आणखी एक फेरी केली तर शंभर होईल, असे कोणालाही वाटेल. तिसरी फेरी केली की तोच स्तंभ ३३ टक्क्यांवर कोसळतो. चौथ्या फेरीनंतर उरतो जेमतेम एक टक्का.

औषधाची मात्रा माहीत असलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. दोन गोळ्यांनी बरे वाटले म्हणून चार घेणारे रुग्ण प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात भेटतात. ग्रोव्हर यांच्या रीतीतही योग्य मात्रा मोजून ठरवावी लागते आणि ती ओलांडली की गुण जाऊन अवगुण येतो. कारण पुन्हा तेच, बाण गोल फिरतो आहे आणि शिखर गाठल्यावर थांबवला नाही तर तो पलीकडे उतरतो. ‘क्वांटम म्हणजे जास्त वेग, जास्त शक्ती’ एवढेच ऐकलेल्या माणसाला हा उतरणारा स्तंभ एकदा दाखवावा. हजार शब्दांचे व्याख्यान वाचेल.

याही चित्राची मर्यादा आहे. क्यूबिट एकाने वाढला की स्तंभ दुप्पट होतात. तीन क्यूबिटना आठ, दहांना १०२४, वीस क्यूबिटना १० लाख ४८ हजार ५७६. तीस क्यूबिटना १०७ कोटींहून जास्त. इतके स्तंभ कोणत्या पडद्यावर काढणार? ‘क्वर्क’ सोळा क्यूबिटवर थांबते ते यामुळेच. आणि क्वांटम संगणक हवा आहे तोही यामुळेच, कारण पन्नास-साठ क्यूबिटच्या पुढे हा सगळा पसारा साध्या संगणकाच्या स्मृतीतही मावेनासा होतो. चित्र जिथे हरते तिथेच त्या यंत्राची गरज सुरू होते, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले पाहिजे.

मग मोठ्या मंडलांचे काय? त्यासाठी ऑक्सफर्डमध्ये बॉब कूका आणि रॉस डंकन यांनी सुमारे २००८ मध्ये एक वेगळी चित्रभाषा मांडली. तिला ‘झेडएक्स कॅल्क्युलस’ म्हणतात. यात हिरवे आणि तांबडे ठिपके असतात आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. ठिपका कागदावर कुठे आहे याला महत्त्व नाही, तो कोणाशी जोडलेला आहे याला आहे. मुंबईच्या लोकलच्या डब्यात लावलेल्या नकाशासारखे. त्या नकाशात दादर ते माटुंगा आणि कसारा मार्गावरची दोन स्टेशने यांच्यातले अंतर सारखेच दाखवलेले चालते, कारण प्रवाशाला हवा असतो तो क्रम आणि गाडी बदलण्याची जागा. झेडएक्सच्या चित्रात काही मोजके नियम असतात. एकाच रंगाचे दोन जोडलेले ठिपके एकमेकांत मिसळून एक होतात, वगैरे. हे नियम वापरत चित्र लहान लहान करत जायचे. शेवटी उरते ते उत्तर. हे करमणुकीसाठी नाही. मंडले आटोपशीर करणाऱ्या संगणकीय प्रणालींमध्ये ही पद्धत प्रत्यक्ष वापरली जाते.

इथे वैद्यकाच्या बाजूने एक छोटी सूचना होती आणि ती चित्रकारांनी आपणहून अमलातही आणली आहे. तांबडा आणि हिरवा रंग वेगळे न ओळखता येणे हा दोष पुरुषांमध्ये दुर्मीळ नाही. त्यामुळे या चित्रांत आता फिका हिरवा आणि गडद तांबडा वापरतात, म्हणजे रंग न ओळखणाऱ्यालाही फिका-गडद फरक दिसतो. शिकवण्याचे साधन तयार करताना ते कोणाच्या डोळ्यांसाठी आहे याचा विचार असा करावा लागतो.

कूका आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ब्रिटनमधील १६ ते १८ वर्षांच्या विद्यार्थ्यांना नेहमीचे अवघड गणित बाजूला ठेवून फक्त या चित्रांतून क्वांटम शिकवले आणि शेवटी परीक्षाही घेतली. बहुसंख्य विद्यार्थी उत्तीर्ण झाले. विद्यार्थी पन्नासच्या आसपास होते आणि हौसेने आलेले होते, त्यामुळे या एका प्रयोगावरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढू नये. औषधाच्या छोट्या चाचणीकडे जसे पाहतात तसेच याकडे पाहावे, आशादायक, पण मोठ्या चाचणीची गरज असलेले.

यावर भौतिकशास्त्राचे अनुभवी शिक्षक एक आक्षेप घेतात आणि तो दुर्लक्षण्यासारखा नाही. ते म्हणतात, गणिताशिवाय क्वांटम कळत नाही, चित्रांनी फक्त कळल्याचा भास होतो. हा भास खरा धोका आहे. आजकालची ईसीजी यंत्रे रेघेबरोबर निदानही छापून देतात. नवशिका डॉक्टर रेघ न पाहता छापलेले निदान वाचू लागला, की तो कधीतरी हमखास फसतो. रुग्ण थंडीने कुडकुडत असेल तर रेघ अशी थरथरते, की हृदयाची लय बिघडल्यासारखी वाटावी. घाईत दोन हातांचे चिमटे उलटसुलट लागले तर रेघेचा काही भाग उलटा येतो आणि हृदय उजवीकडे असल्याचा संशय येतो. हे सारे माहीत असलेला डॉक्टर आधी चिमटे तपासतो. माहीत नसलेला रुग्णालाच आजारी ठरवतो.

पण म्हणून कोणी ईसीजी शिकवणे थांबवले नाही. ते नीट शिकवायला घेतले. आधी निरोगी रेघ, मग आजारी रेघ, मग फसवी रेघ. क्वांटमच्या चित्रांनाही हाच क्रम लावता येतो. शिवाय चित्र आणि गणित हे वैरी आहेत असे मानण्याचे कारण नाही. १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील पोकोनो येथील परिषदेत रिचर्ड फाइनमन यांनी कणांच्या परस्परक्रिया रेघांच्या चित्रांतून मांडल्या, तेव्हा नील्स बोर यांच्यासारख्या थोरांनीही त्या मान्य केल्या नाहीत. पुढच्याच वर्षी फ्रीमन डायसन यांनी दाखवून दिले, की ही चित्रे आणि इतरांची लांबलचक समीकरणे एकच गोष्ट सांगतात. आज ती चित्रे पाठ्यपुस्तकांत आहेत. झेडएक्सच्या बाबतीतही तिचे नियम पुरेसे आहेत, त्यांतून कोणतेही खरे समीकरण सिद्ध करता येते, हे आता गणिताने सिद्ध झाले आहे. नीट बांधलेले चित्र हेही गणितच असते, फक्त वेगळ्या लिपीत.

ही चर्चा भौतिकशास्त्राच्या विभागापुरती ठेवून चालणार नाही, याचे कारण मात्र प्रयोगशाळेबाहेर आहे. ‘क्वांटम’ हा शब्द आता आरोग्याच्या बाजारात विकला जातो. गावोगावच्या शिबिरांत मंगल कार्यालयाच्या टेबलावर एक छोटी पेटी मांडलेली असते. मुठीत एक दांडी धरायला सांगतात आणि मिनिटाभरात यकृत, मूत्रपिंड, हाडे, जीवनसत्त्वे, सगळ्यांचा छापील ‘क्वांटम’ अहवाल हातात देतात. शेजारी गोळ्या-पावडरी विकायला असतातच. तो अहवाल घेऊन रुग्ण सरकारी रुग्णालयात येतात. कोणी मधुमेहाच्या गोळ्या बंद केलेल्या असतात, कारण पेटीने साखर ‘नॉर्मल’ सांगितलेली असते. कोणी धडधाकट असून यकृत खराब झाल्याच्या धास्तीने झोपलेला नसतो. अशा पेट्यांनी रोगनिदान होते याला विश्वसनीय वैज्ञानिक आधार नाही. रक्त न घेता रक्तातली पन्नास मापे दांडीतून सांगता येत नाहीत.

या रुग्णाला समीकरण सांगून उपयोग नाही. पण त्याच्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने एक रेघ आणि दोन चौकटींचे चित्र स्वतः हलवून पाहिले असेल, तर ती काही साधे प्रश्न विचारू शकते. या पेटीत क्यूबिट कुठे आहे? तो मोजला कसा? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांनी डीआरडीओ आणि टीसीएसबरोबर सहा क्यूबिटच्या अतिवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण केल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले. अशा प्रकारचे क्यूबिट उणे २७३ अंश सेल्सिअसच्या अगदी जवळ, एका अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपासच्या तापमानात सांभाळावे लागतात. देशातल्या नामवंत संस्थेला सहा क्यूबिटसाठी एवढी शिकस्त करावी लागते आणि मंगल कार्यालयातल्या प्लॅस्टिकच्या पेटीत मात्र क्वांटम सहज नांदतो, यातली विसंगती त्या मुलीला दिसेल. विज्ञानाची समज समाजाला लागते ती अशा वेळी.

महाराष्ट्रात यासाठी माणसांची वानवा नाही. राष्ट्रीय मोहिमेतील चार केंद्रांपैकी संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. पुण्याच्या आयसरमध्येही क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र चालते. या संस्थांकडून शाळांना प्रयोगशाळा नकोत, दोन गोष्टी हव्यात. एक, अशा चित्रसाधनांसाठी सोप्या मराठीत लिहिलेल्या सूचना. गेटची अक्षरे आहेत तशीच राहू द्यावीत, पण ‘आता काय होईल असे वाटते?’ हा प्रश्न मराठीत असावा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला मुलगा बुद्धीने कमी नसतो, तो इंग्रजी सूचनांपाशी अडतो. दुसरी गोष्ट, अकरावी-बारावीच्या शिक्षकांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण, ज्यात प्रत्येक चित्राची फसवी बाजू आवर्जून दाखवलेली असेल.

आणि एक शिस्त. आधी अंदाज, मग माउस. विद्यार्थ्याने चौकट ठेवण्यापूर्वी उत्तर वहीत लिहावे, मगच पडद्यावर पाहावे. नाहीतर रंगीत चित्र हलताना बघण्याची मजा तेवढी होईल आणि तास संपेल. वैद्यकीय महाविद्यालयांत वॉर्डात शिकवणारे जुने शिक्षकही हेच करतात. अहवालाचे पाकीट उघडण्याआधी विद्यार्थ्याला निदान सांगायला लावतात. चुकला तरी चालते. चुकलेले लक्षात राहते.

पहिल्या तासाला फार काही लागणार नाही. शाळेच्या संगणक कक्षातला एक चालू संगणक, एक रेघ आणि ‘एच’च्या दोन चौकटी. वर्गातली बहुतेक मुले वहीत ‘निम्मे-निम्मे’ लिहितील. पडद्यावर शून्य येईल, पुन्हा शून्य, पुन्हा शून्य. मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारेल, ‘सर, असं कसं?’ शिक्षकाने तिथून सुरुवात करावी.